उतावळ्या आशेचे मोल

हावड्याहून येणारी आगगाडी महाराष्ट्रात शिरते ती दरेकसा येथे. सालेकसा तालुक्यातील हा मुलूख अरण्याचा. अशा ठिकाणी क्षयरोग्याने सहा महिने अखंड औषध घेणे किती कठीण असते, याची कल्पना शहरवासीयांस सहसा नसते. हा काळ घटविणारी उपचारक लस निघाली, तर तिचे मोल येथेच सर्वाधिक. मात्र अशा लशीची आशा नवी नाही. तिचा आरंभ रॉबर्ट कॉख यांच्यापासून होतो आणि त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे अपयशही तेच आहे.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. ग्योटिंगेन येथे वैद्यकाची पदवी घेऊन पुढे ते वोलश्टाइन या आडगावी सरकारी डॉक्टर झाले. तेथे ना विद्यापीठ, ना प्रयोगशाळा. राहत्या घरात, सूक्ष्मदर्शक आणि उंदीर एवढ्याच सामग्रीवर त्यांनी काळपुळीच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. एका उंदरातील रोग दुसऱ्यास, दुसऱ्यातील तिसऱ्यास, असे वारंवार पडताळल्यानंतरच १८७६ मध्ये त्यांनी ते विद्वानांपुढे मांडले. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला, तोही अशाच चिकाटीच्या बळावर. तो दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो.

परंतु १८९० मध्ये हा संयम सुटला. गिनीपिगांवरील प्रयोगांच्या आधारे त्यांनी क्षयावर उपाय सापडल्याचे सूचित केले. त्याची घटना मात्र गुप्त ठेवली. रोग्यांची बर्लिनकडे रीघ लागली. हा उपाय म्हणजे क्षयजंतूंचा ग्लिसरिनमधील अर्क, ट्युबरक्युलिन होय. कॉख यांनी तो स्वतःलाही टोचून घेतला होता, म्हणजे त्यांच्या श्रद्धेत खोट नव्हती. तथापि रोग्यांच्या शरीरात त्याने तीव्र दाह उसळे. अनेकांचा रोग बळावला, काही दगावले. वर्षभरात आशेचा फुगा फुटला. पुढे १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी ते मुंबईस आले, १९०५ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले आणि २७ मे १९१० रोजी निवर्तले. ट्युबरक्युलिन उरले ते निदानापुरते.

शतकानंतर तोच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९९९ मध्ये ब्रिटिश व ब्राझिलियन संशोधकांनी क्षयग्रस्त उंदरांना डीएनए लस टोचली, तेव्हा त्यांच्यातील जंतू लक्षणीय घटले. या लशीत जंतूच्या एका प्रथिनाचा आराखडा असतो. त्यावरून शरीरच ते प्रथिन बनविते आणि प्रतिकारशक्ती जागी होते. पुढे २००३ मध्ये मात्र अन्य संशोधकांना अशाच प्रयोगात उंदरांच्या फुप्फुसातील ऊतींचा नाश आढळला. चेतविलेला प्रतिकार रोग्याच्याच देहावर उलटू शकतो, हा कॉख यांच्या काळचा धडा उंदरांनी पुन्हा दिला. आणि या वेळी तो माणसांच्या प्राणांवर बेतला नाही.

म्हणून उंदरांवरील संथ, कंटाळवाण्या चाचण्यांना वेळकाढूपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. औषधाची कीर्ती आडगावी उशिरा पोहोचते; ते फोल ठरल्याची वार्ता त्याहूनही उशिरा. दरेकशाच्या रोग्याला लस मिळावी ती पूर्ण पारखलेली. तोवर आज सिद्ध असलेली औषधे आणि पोटभर सकस अन्न त्याच्या दारी न चुकता पोहोचविणे, हे शासनाचे कर्तव्य होय. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.