वेताची ओळख सोपी करणारे ओदोआर्दो बेक्कारी

खुर्च्या विणायचा वेत म्हणजे बांबू नव्हे. तो नारळ-सुपारीच्या कुळातील, झाडांवर चढणारा काटेरी वेल आहे. त्याच्या जाती बारकाईने वेगळ्या करणारे शास्त्रज्ञ म्हणजे ओदोआर्दो बेक्कारी.

त्यांचा जन्म १८४३ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे झाला. १८६५ ते १८६८ या काळात त्यांनी बोर्निओतील सारावाकच्या जंगलात नमुने गोळा केले. १८७८ मध्ये सुमात्रात त्यांना टायटन अरम हा सुरणाचा महाकाय भाऊबंद सापडला. पुढे त्यांनी ताड-माडांच्या कुळाच्या अभ्यासाला वाहून घेतले. वेतावरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ मध्ये कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाने प्रसिद्ध केला. १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. पश्चिम घाटातील कॅलॅमस थ्वेटेसाय या वेताला शास्त्रीय नाव देणाऱ्यांत हूकर यांच्यासोबत तेही आहेत.

तुम्हीही वेत ओळखताना नुसत्या पानावर जाऊ नका. खोडाला वेढणाऱ्या आवरणावरील काट्यांची मांडणी, आकडेदार चाबूक आणि फळावरील खवले पाहा. नर व मादी झाडे वेगळी असतात, म्हणून बियाण्यासाठी दोन्ही राखा. पिकलेल्या फळाचा गर काढून बी न वाळवता लगेच सावलीत पेरा. फळे धरण्याआधीच सगळे वेत तोडले, तर पुढच्या लागवडीला बी उरणार नाही.