गुलाबराव महाराज

संत गुलाबराव महाराज (जन्म : ६ जुलै १८८१, मृत्यू : २० सप्टेंबर १९१५) हे विदर्भातील संत, तत्त्वचिंतक आणि ग्रंथकार होते. त्यांचे कुलनाम मोहोड. तान्हेपणीच दृष्टी गेलेली असूनही त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचले. ते 'प्रज्ञाचक्षू' आणि 'मधुराद्वैताचार्य' या नावांनी ओळखले जातात.

बालपण
गुलाबरावांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे शेतकरी कुटुंबात झाला. माधान (तालुका चांदूर बाजार) हे त्यांचे मूळ गाव. सुमारे नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांवरील चुकीच्या औषधोपचारामुळे त्यांना कायमचे अंधत्व आले. लहानपणीच आईचे निधन झाल्याने त्यांची काही वर्षे आजोळी गेली. १८९६ मध्ये त्यांचा विवाह मनकर्णिका यांच्याशी झाला.

श्रवणातून अध्ययन
डोळसांसाठी लिहिलेला मजकूर अंध व्यक्तीपर्यंत पोहोचवण्याची जी साधने पुढे निर्माण झाली, त्यांपैकी एकही गुलाबरावांना उपलब्ध नव्हते. लुई ब्रेल यांची ठिपक्यांची लिपी युरोपात रूढ झाली होती आणि मुंबईत १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा सुरू झाली. मात्र भारतीय भाषांसाठीची सामाईक भारती ब्रेल १९५१ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर ३६ वर्षांनी स्वीकारली गेली. वऱ्हाडातील खेड्यात राहणाऱ्या या मुलाचे शिक्षण त्यामुळे सर्वस्वी इतरांच्या वाचनावर अवलंबून राहिले. सोबती आणि शिष्य ग्रंथ वाचत व ते ऐकून स्मरणात साठवत. वेद, उपनिषदे, षड्दर्शने, आयुर्वेद, योग आणि संतवाङ्मय यांबरोबरच डार्विन व स्पेन्सर यांच्या विचारांचाही त्यांनी परामर्श घेतला.

या पद्धतीला मर्यादा होत्या. वाचक मिळेल तेव्हाच अध्ययन शक्य होई. पृष्ठावरील आकृती किंवा चित्र, कोणी त्याचे शब्दांत वर्णन केल्याशिवाय, श्रोत्याला कळत नसे. लेखनातही मजकूर सांगून लेखनिकाकडून उतरवून घ्यावा लागे. गुलाबरावांनी 'नावंग' नावाची एक स्वतंत्र भाषा आणि एक सांकेतिक लिपी तयार केल्याचेही सांगितले जाते.

विचार व ग्रंथरचना
संत ज्ञानेश्वरांना गुलाबरावांनी गुरू मानले. १९०१ मध्ये ज्ञानेश्वरांनी त्यांना अनुग्रह दिला, अशी भक्तपरंपरा आहे. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या व श्रीकृष्णाची पत्नी मानत आणि त्या भावाने मंगळसूत्र व कुंकू धारण करीत. अद्वैत ज्ञान झाल्यावरही भक्ती उरते, हा त्यांच्या 'मधुराद्वैत' दर्शनाचा गाभा होय. संप्रदायसुरतरू व मानसायुर्वेद हे त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ आहेत. अभंग, ओव्या, पदे, पत्रे, निबंध आणि संस्कृत सूत्रे असे त्यांच्या लेखनाचे विविध प्रकार आढळतात.

मृत्यू व वारसा
वयाच्या ३४ व्या वर्षी पुणे येथे गुलाबराव महाराजांचे निधन झाले. शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांची परंपरा पुढे चालवली. त्यांचे साहित्य 'सूक्तिरत्नावली' या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले आहे.

मोबाइलमधील स्क्रीन रीडर आता अंध व्यक्तीला व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरील मजकूर वाचून दाखवतो, त्यामुळे वाचकाची वाट पाहावी लागत नाही. चित्राबाबत मात्र जुनी अडचण बऱ्याच अंशी कायम आहे. पाठवणाऱ्याने सोबत वर्णन लिहिले नाही किंवा संगणकप्रणालीने ते तयार केले नाही, तर स्क्रीन रीडर केवळ चित्र आल्याचे सांगतो. त्यात काय आहे, हे कळत नाही. गुलाबरावांच्या अध्ययनात स्मरणशक्तीइतकाच वाटा त्यांच्यासाठी वाचणाऱ्या व लिहून घेणाऱ्या माणसांचाही होता.