सांगाड्याची पारख : हेन्री फोर्डचे चरित्र

रस्त्याने मोटार धावत गेली म्हणजे पाहणाराचे लक्ष तिचा रंग, तिचे चकाकणारे दिवे व गुबगुबीत बैठक यांकडे वेधते. ज्याच्या आधारावर हे सर्व उभे असते तो पोलादी सांगाडा मात्र खाली धुळीत व चिखलात दडलेला असतो. यंत्रकाम करणारी मंडळी त्यास चासी म्हणतात. दोन लांब पोलादी तुळया, त्यांस जोडणाऱ्या काही आडव्या पट्ट्या, एवढेच त्याचे रूप. एखादी शिडी जमिनीवर आडवी ठेवावी तसे. परंतु इंजिन, कमानी, चाके व बसणारी माणसे या सर्वांचा भार तोच वाहतो. तो वाकडा असेल तर वरचा सारा थाट व्यर्थ होय.

अमेरिकेत हौशी कारागिरांचा एक वर्ग आहे. जुनी, स्वस्त मोटार घ्यावयाची, तिच्यावरील अनावश्यक भार उतरवावयाचा, तीत जोरकस इंजिन बसवावयाचे व वेगाने पळणारी गाडी स्वहस्ते तयार करावयाची, हा त्यांचा छंद. अशा गाडीस हॉट रॉड म्हणतात. जुन्या वळणाने ती बांधू इच्छिणाऱ्यापुढे आजही पहिला प्रश्न हाच येतो की, सांगाडा कोणता घ्यावा? या प्रश्नाचा विचार करू लागले की एकच नाव वारंवार पुढे येते, ते हेन्री फोर्डचे. त्याचे चरित्र वाचले असता प्रश्नाचे उत्तर तर मिळतेच. शिवाय माणसाच्या घडणीविषयीही काही बोध होतो.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ रोजी मिशिगन प्रांतात, डिअरबॉर्न गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. त्याचा पिता विल्यम आयर्लंडातून येऊन तेथे स्थायिक झाला होता. हेन्री तेरा वर्षांचाही झाला नव्हता तोच, १८७६ साली, त्याची आई निवर्तली. त्याच वर्षी वाफेच्या जोराने आपणहून रस्त्यावर चालणारे एक इंजिन त्याच्या दृष्टीस पडले आणि त्या दर्शनाने त्याच्या मनाचा कायमचा ताबा घेतला. शेतकामात त्याचे चित्त रमेना. शेजाऱ्यांची बिघडलेली घड्याळे उघडावी, चाकाशी चाक कसे जुळते ते पाहावे व पुन्हा नीट बसवून द्यावी, हाच त्याचा विरंगुळा. सोळाव्या वर्षी तो डेट्रॉइट शहरी गेला व तेथील यंत्रशाळांतून उमेदवारी करू लागला. १८९१ साली त्यास तेथील एडिसन विद्युत् कंपनीत नोकरी मिळाली आणि दोन वर्षांत तो मुख्य इंजिनिअर झाला.

दिवसा नोकरी करावी व रात्री घरामागील छपरात आपल्या स्वप्नातील गाडी घडवावी, असा त्याचा क्रम होता. पत्नी क्लारा हिने या वेडात त्यास मनापासून साथ दिली. ४ जून १८९६ रोजी, उत्तररात्री, ती गाडी सिद्ध झाली. साधी हलकी चौकट, तिला सायकलीची चार चाके व दोन नळकांड्यांचे लहानसे इंजिन, एवढाच तिचा पसारा. पण बाहेर काढू लागताच ध्यानात आले की दार अरुंद आहे! तेव्हा त्याने कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा पाडल्या व गाडी रस्त्यावर आणली.

पुढील मार्ग मात्र सुकर नव्हता. १८९९ साली निघालेली त्याची पहिली कंपनी दोन वर्षांतच बुडाली. तेव्हा लोकांचा विश्वास मिळविण्यासाठी त्याने शर्यतीची गाडी बांधली आणि १० ऑक्टोबर १९०१ रोजी अलेक्झांडर विंटन या त्या काळच्या नामांकित मोटारवाल्यास स्वतः गाडी हाकून हरविले. पुढल्याच वर्षी त्याने दोन अवाढव्य गाड्या बांधल्या. त्यांतील एकीचे नाव होते ‘९९९’. तिला ना छप्पर, ना बॉनेट, ना मडगार्ड. उघडा सांगाडा, त्यावर प्रचंड इंजिन व एका माणसाची बैठक. बार्नी ओल्डफील्ड याने ती हाकून शर्यत जिंकली. दुसरी गाडी १२ जानेवारी १९०४ रोजी खुद्द फोर्डने सेंट क्लेअर सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठभागावर ताशी ९१ मैलांहून अधिक वेगाने पळविली. हॉट रॉड हा शब्द तेव्हा कोणास ठाऊकही नव्हता. तथापि भार उतरवून सांगाडा व इंजिन यांवर भिस्त ठेवण्याची ती युक्ती फोर्डने आधीच अमलात आणली होती.

१६ जून १९०३ रोजी फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली व १ ऑक्टोबर १९०८ रोजी तिची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ बाजारात आली. त्या काळी अमेरिकेतील खेड्यांचे रस्ते खाचखळग्यांनी भरलेले असत. फोर्डने व्हॅनेडियम मिसळलेले चिवट पोलाद उपयोगात आणले, सांगाडा हलका व लवचीक ठेवला आणि पुढे व मागे एकेक आडवी कमान बसविली. खड्ड्यात चाक गेले तर सांगाडा थोडा पिळे, परंतु मोडत नसे. १९१३ साली त्याच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात एक प्रयोग झाला. उघडा सांगाडा दोरीने ओढत न्यावयाचा व वाटेत कामगारांनी एकेक भाग त्यावर चढवावयाचा. दोरीच्या जागी पुढे फिरती साखळी आली. पूर्वी ज्या जुळणीस सुमारे साडेबारा तास लागत, ती पुढच्या वर्षी ९३ मिनिटांत होऊ लागली. आरंभी ८५० डॉलरना मिळणारी मोटार पुढे ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. १९१४ साली फोर्डने आपल्या पात्र कामगारांस दिवसास पाच डॉलर देऊ केले. ही प्राप्ती पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट होती. १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल टी तयार झाल्या.

त्यानंतर ‘मॉडेल ए’ निघाली आणि १९३२ साली ‘व्ही-आठ’ आली. आठ नळकांड्यांचे इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाडीतच असावयाचे. फोर्डने त्याचा मुख्य साचा एकसंध ओतवून ते सामान्य माणसाच्या आटोक्यात आणले. या गाडीच्या डौलदार रूपावर त्याचा एकुलता एक पुत्र एडसेल याने लक्ष पुरविले होते.

आता निवडीच्या प्रश्नाकडे वळू. मॉडेल टीचे इंजिन २० अश्वशक्तीचे, मॉडेल एचे ४० व १९३२ च्या व्ही-आठचे ६५ अश्वशक्तीचे होते. ज्या त्या गाडीचा सांगाडा त्या त्या जोरास साजेसा होता. टीचा सांगाडा हलका खरा, पण भारी इंजिनाच्या पिळास तो पुरा पडत नाही. एचा सांगाडा सरळ व साधा, शिवाय त्या गाड्या सुमारे ४८ लक्ष निघाल्यामुळे तो फार काळ सहज मिळे. परंतु त्याच्या तुळया पन्हळीसारख्या एका बाजूने उघड्या व पातळ असतात. म्हणून जाणते कारागीर त्या उघड्या बाजूस पोलादी पट्टी वेल्ड करून पन्हळीची पेटी करतात. पन्हळ पिळली जाते. पेटी सहसा पिळली जात नाही. १९३२ चा सांगाडा अधिक दणकट. मडगार्ड काढले तरी तो विद्रूप दिसत नाही, कारण त्याच्या तुळया मुळातच उघड्या दिसाव्या अशा घडविल्या असून त्यांच्या बाहेरच्या अंगावर दाबून काढलेली एक सुरेख रेघ आहे. म्हणून पुष्कळ जण मॉडेल एचा वरचा साज या सांगाड्यावर चढवितात. असा सांगाडा एकच वर्ष निघाला. १९३३ पासूनच्या गाड्यांत मधोमध फुलीच्या आकाराचा भक्कम जोड आला आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १०६ इंचांवरून ११२ इंच झाले. ज्यास लांब गाडी हवी त्याने तो घ्यावा.

तथापि नावावर भुलून सांगाडा घेणे शहाणपणाचे नव्हे. सुतार खाटेची चौकट जशी तपासतो तशीच ही परीक्षा असते. सांगाडा सपाट जमिनीवर ठेवावा व समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन्ही कर्ण मोजावे. ते समान भरले नाहीत तर सांगाडा केव्हातरी आदळून तिरपा झाला आहे असे समजावे. रिव्हेटांच्या भोवती चिरा आहेत काय, दोन पत्रे एकमेकांवर येतात तेथे गंज शिरला आहे काय, हे पाहावे. एचा सरळ सांगाडा हा १९३२ च्या वाकलेल्या सांगाड्याहून केव्हाही चांगला. वाकलेला असला तर तो वरचा साज चढविण्यापूर्वीच सरळ करून घ्यावा. मागाहून ते काम फार जड जाते.

हीच कसोटी खुद्द फोर्डच्या जीवितास लावून पाहिली असता काय आढळते? त्याचा एक कर्ण अगदी नेमका भरतो. कष्ट, कौशल्य, अपयशाने न खचणारे मन आणि उत्तम वस्तू गरिबाच्या हाती पडावी ही तळमळ, यांत त्याची बरोबरी करणारे थोडे. दुसरा कर्ण मात्र तितका भरत नाही. १९२० पासून त्याच्या मालकीच्या वृत्तपत्राने यहुदी लोकांविरुद्ध विषारी लेख छापले. १९२७ साली त्याने जाहीर क्षमा मागितली, परंतु १९३८ साली जर्मनीच्या नाझी सरकारने दिलेले पदक त्याने स्वीकारले. कामगारांच्या संघटनेस त्याचा कडवा विरोध असे. १९३७ साली त्याच्या रूज येथील कारखान्याच्या दाराशी कंपनीच्या माणसांनी संघटनेच्या कार्यकर्त्यांस मारहाण केली. ज्या एडसेलने जुनी मॉडेल टी बदलण्याविषयी बापास परोपरीने विनविले, त्यास अध्यक्षपद देऊनही बापाने खरा अधिकार कधी दिला नाही. एडसेल १९४३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी, बापाच्या डोळ्यांदेखत वारला. ७ एप्रिल १९४७ रोजी रात्री, नदीच्या पुराने वीज बंद पडली असता, मेणबत्ती व कंदिलाच्या उजेडात हेन्री फोर्डचे देहावसान झाले.

त्याच्या हयातीतच कॅलिफोर्नियातील तरुण कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत त्याच्या जुन्या गाड्या पळवू लागले होते. खिशात पैसा थोडा. पण फोर्डचा सांगाडा इतका साधा की, शेजाऱ्याचे वेल्डिंगयंत्र व घरची चार हत्यारे यांवर काम भागे. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन वेगाच्या चाचण्यांस नियम घालून दिले. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी हा छंद आणखी वाढविला. ज्या सांगाड्यांवर एकेकाळी शेतकऱ्यांची कुटुंबे बाजारास जात, त्यांवर आजही नवे हात काम करीत आहेत.

विद्यार्थिमित्रहो, शाळेची वर्षे ही सांगाडा बांधण्याची वर्षे होत. परीक्षेतील गुण, पुढची नोकरी, मानमरातब हे सर्व मागाहून चढणारे साज. फोर्डच्या उद्योगाचे अनुकरण अवश्य करा. परंतु दुसरा कर्णही वरचेवर मोजीत जा. आपल्याहून निराळ्या लोकांशी, आपल्या हाताखालच्या माणसांशी आणि घरातील धाकट्यांशी आपण कसे वागतो, हे त्याचे माप. आणि पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या अंगावर साज चढविण्याची घाई करू नका. आधी खाली वाकून सांगाडा पाहा. काही वाकले असेल तर ते सरळ करण्यास याहून सोयीची वेळ पुन्हा येत नाही.