खाकी पोशाखाचा जनक : सर हॅरी लम्सडेन

आमचें शेंदूरजनाघाट हें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं, संत्र्यांच्या बागांच्या वेढ्यांत वसलेलें आहे. येथील तुरीच्या शेतांतून चालतांना पायांजवळून एकदम तित्तर फडफडून उडतो व आपण दचकतों. क्षणापूर्वीं तो तेथेंच, हातभर अंतरावर होता. पण ढेकळांत ढेकूळ होऊन बसला होता. निसर्गानें या पांखराला फुकट दिलेली ही विद्या शिकावयास माणसाच्या सैन्याला मात्र फार काळ लागला, व त्यापायीं अनेकांना प्राण गमवावे लागले. ज्या गृहस्थानें तिचा पहिला धडा गिरविला त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों. आमच्या वऱ्हाडाशींही त्याचा एक संबंध आहे. तो पुढें ओघानें येईल.

हॅरी बर्नेट लम्सडेन याचा जन्म भूमीवर झालाच नाहीं. १२ नोव्हेंबर १८२१ रोजीं बंगालच्या उपसागरांत, कंपनी सरकारच्या ‘रोझ’ नांवाच्या जहाजावर तो जन्मला. बाप बंगालच्या तोफखान्यांत अधिकारी होता. घराणें स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायरचें. बालपण आजोळच्या-आप्तांच्या छायेखालीं स्कॉटलंडांत काढून तो १८३८ सालीं बंगालच्या एका पायदळ पलटणींत दाखल झाला. १८४२ सालीं खैबरखिंडीच्या मोहिमेंत तो होता. देशी भाषा त्याला लवकर अवगत झाल्या होत्या, आणि त्याच्या पुढील सर्व आयुष्याची किल्ली, आमच्या मतें, हीच होय. फेब्रुवारी १८४६ मध्यें सोब्रावच्या लढाईंत तो जखमी झाला, व नंतर लाहोरास हेन्री लॉरेन्स याच्या हाताखालीं काम करूं लागला.

त्याच वर्षाच्या अखेरीस लॉरेन्सच्या सूचनेवरून लम्सडेन यानें पेशावर येथें ‘गाइड्स’ नांवाची लहानशी पलटण उभारली. सुमारें तीनशें माणसें, कांहीं घोडेस्वार, कांहीं पायदळ. मुलुखाची माहिती काढणें, बातमी आणणें, वाट दाखविणें व प्रसंगीं लढणें हें त्यांचें काम. असल्या कामास कवायतीचे कसलेले शिपाई फारसे उपयोगी नाहींत, हें जाणून त्यानें पठाण, शीख, गुरखे, पंजाबी असे नाना जातींचे चपळ लोक निवडले. दिलावरखान नांवाच्या एका नामांकित दरोडेखोराची गोष्ट या संबंधांत सांगतात. त्याला पकडण्याचे सर्व प्रयत्न फसल्यावर लम्सडेन यानें त्याला अभय देऊन भेटीस बोलाविलें व फांसावर जाण्याऐवजीं पलटणींत नोकरी धरण्याचा सल्ला दिला. दिलावर हंसून निघून गेला. पण कांहीं आठवड्यांनीं आपण होऊन परत आला. पुढें तो सुभेदार झाला आणि चित्रळच्या बाजूस एका गुप्त कामगिरीवर असतां बर्फांत मरण पावला.

आतां पोशाखाकडे वळूं. त्या काळीं कंपनीचा शिपाई लाल बनातीचा, गळ्याशीं आंवळलेला कोट घाली, व त्यावर पांढरे पट्टे. हा निव्वळ वेडेपणा होता असें समजूं नये. काळ्या दारूच्या दाट धुरांत आपला कोण व परका कोण हें ओळखूं यावें, हा त्यांत हेतु होता. आणि त्या वेळच्या बंदुकीचा नेम शंभर-दीडशें पावलांपलीकडे क्वचितच लागे. पण पेशावरकडील उघड्या, धुळकट टेकड्यांवर, जेथें प्रत्येक खडकामागें नेमबाज दबा धरून बसलेला, तेथें हेरगिरी करणाऱ्या माणसाला शेंदरी कोट घालून पाठविणें म्हणजे त्याला खुणेच्या निशाणाप्रमाणें उभें करणेंच होय. आमच्या गांवाच्या नांवांत शेंदूर आहे. पण तो देवाला शोभतो, टेहळणी करणाऱ्याला नव्हे.

लम्सडेन यानें केलेला उपाय अगदीं साधा. बाजारांतील पांढरें सुती कापड घ्यावें, तें नदीवर नेऊन चिखलांत भिजवून चोळावें, वाळवावें व त्याचे सैल अंगरखे आणि तुमानी शिवाव्या. पुढें मझारी नांवाच्या खुरट्या ताडाच्या पानांचा रंग कापडाला व तुतीच्या रसाचा रंग कातड्याला देऊं लागले. खाक म्हणजे धूळ. तिच्यावरून या रंगास खाकी हें नांव पडलें. इंग्लंडहून तसल्या रंगाचें तयार कापड मागविण्याची खटपट १८४८ सालीं त्याचा दुय्यम अधिकारी हॉडसन यानें केली, म्हणून कित्येक लेखक सारें श्रेय हॉडसनला देतात. आम्हांस तें पटत नाहीं. कापड मागविणें निराळें, आणि शिपायाचा डौल बाजूस ठेवून त्याचा जीव पाहणें निराळें. याच सुमारास इकडे मंगळूरास बासेल मिशनच्या मागांवरही खाकी रंगाचें कापड निघूं लागलें होतें, हें येथें जातां जातां नमूद करतों.

१८५७ सालीं लम्सडेन कंदाहारास वकिलातीवर होता. त्याची पलटण मात्र मर्दानहून दिल्लीपर्यंतचे सुमारें ५८० मैल अवघ्या २२ दिवसांत तुडवून गेली. त्या उन्हाळ्यांत कित्येक गोऱ्या पलटणींनीं आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यांत, चिखलांत, शाईंतही बुडवून घेतले. त्या युद्धांत हा धुळीचा पोशाख आमच्याच देशबांधवांविरुद्ध वापरला गेला, ही गोष्ट चरित्रकारानें झांकून ठेवूं नये.

१८६० सालीं त्याच्यावर एका माथेफिरूनें हल्ला केला; त्यांतून तो बचावला. १८६२ सालीं सरहद्द कायमची सोडून तो हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा सेनापति झाला, आणि येथें वऱ्हाडाचा संबंध येतो. या फौजेच्या खर्चासाठींच निजामानें १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे सोंपविला होता. त्या तहाप्रमाणें फौजेंत निदान पांच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने ठेवावयाचे होते, आणि तिची एक छावणी अचलपुराजवळ परतवाड्यास असे. अर्थात् १८६९ पर्यंत, जवळजवळ सात वर्षें, सर हॅरीच्या हुकुमतींतील शिपायांच्या पगाराचा रुपया वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतून, आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या सारापट्टींतून जात होता. परतवाड्याच्या रस्त्यानें जातांना आम्हांस याची आठवण होते.

हिंदुस्थान सोडल्यावर तो स्कॉटलंडांत ससाणे पाळणें व लांकडावर नक्षी कोरणें यांत रमला. १८७३ सालीं त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली व १२ ऑगस्ट १८९६ रोजीं तो वारला. त्याच्या हयातींतच जग बदललें होतें. बंदूक दूरवर मारूं लागली. १८८४ मध्यें फ्रान्सांत बिनधुराची दारू निघाली, आणि धुराचा पडदा नाहींसा होतांच लाल कोट हें मरणाचें आमंत्रण ठरलें. त्याच वर्षीं न उडणाऱ्या खाकी रंगाचें पेटंट इंग्लंडांत घेतलें गेलें. तरीही ब्रिटिश सैन्यानें स्वदेशीं खाकी स्वीकारली ती १९०२ सालीं, बोअर युद्धाचा मार खाऊन. फ्रेंच तर १९१४ सालीं तांबड्या तुमानी घालूनच मशीनगनपुढें गेले, व पिकासारखे कापले गेले. पेशावरच्या त्या चिखलाला तेव्हां अडुसष्ट वर्षें होत आलीं होतीं!

एकरंगी कापडावर पुढें निरनिराळ्या रंगांचे ठिपके व पट्टे आले, कारण रान कधीं एकरंगी नसतें, आणि माणसाची आकृति मोडली म्हणजे डोळा फसतो. इटलीनें १९२९ सालीं असें छापील कापड काढलें. १५ जानेवारी २०२२ रोजीं दिल्लीच्या सैन्यदिन संचलनांत भारतीय सेनेनें आपला नवा युद्धवेष दाखविला. त्यांत हिरवट व मातकट छटा बारीक चौकोनांनीं विखुरलेल्या आहेत. खाकी आतां आमच्याकडे पोलिसांच्या अंगावर राहिली आहे. गांवच्या बाजारांत तो शिपाई दुरूनच ओळखूं येतो, व रस्त्यांत उभी केलेली गाडी मालक मुकाट्यानें बाजूस घेतो.