लसकार वाल्डेमार हाफकिन

पांढुर्णा-सौसरकडील माता आज आपल्या तान्ह्या बाळास लस टोचण्यासाठी निःशंकपणे नेते. परंतु लस निर्दोष असूनही ती करणाऱ्यावर कलंक यावा, असा प्रसंग हाफकिन यांच्यावर ओढवला होता.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ज्यू म्हणून रशियात मार्ग खुंटला, तेव्हा १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेही ग्रंथपालाचे मदतनीस म्हणून! तेथे फावल्या वेळात प्रयोग करून १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस सिद्ध केली आणि प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने कहर मांडला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील लहानशा जागेत, एक कारकून व तीन शिपाई एवढ्याच मनुष्यबळावर हाफकिन यांनी कार्य आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांखाली प्लेगचे जंतू लोंबत वाढत. ते उष्णतेने मारले, की लस तयार होई. आपल्या स्वयंपाकघरातील तुपाचा असा उपयोग कोणास सुचला असता? १० जानेवारी १८९७ रोजी हीही लस त्यांनी आधी स्वतःस टोचली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि तेथून लस प्रांतोप्रांती रवाना होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन यांनी लसीत कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, असा ठपका होता. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. वास्तविक ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

१९०७ मध्ये हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन यांची बाजू मांडली, आणि ते दोषमुक्त ठरले. न्याय मिळाला खरा, पण अपुरा. कारण त्यांना परळ परत मिळाले नाही. कलकत्त्यास जी जागा मिळाली, तेथे लसनिर्मितीची सोय नव्हती. १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.