मलिक अंबर आणि नौखंडा महाल

आपल्या केमपासून फार दूर नसलेला परांड्याचा किल्ला आपण पाहिला असेल. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबर यांनी तेथेच दुसऱ्या मुर्तजाला निजामशाहीच्या गादीवर बसविले. हबशी देशात जन्मलेले अंबर बालपणीच गुलाम म्हणून विकले गेले होते. उस्मानी सल्तनतीतील बगदादच्या मीर कासिमने त्यांना विकत घेतले आणि लिहावयास-वाचावयास शिकविले. तो मालकच होता, तरीही ही शिदोरी त्याचीच! पुढे अंबर यांनी खडकी वसविली, नहर खोदून शहरात पाणी आणले, नौखंडा महाल बांधला. १६२६ साली त्यांचे निधन झाले. कबर खुलताबादेत आहे. महालाची बरीच पडझड झाली. त्याच आवारात आता मुलींचे महाविद्यालय भरते.