बरगडीवरची गाठ कसली? उत्तर शोधणारे डॉ. खानोलकर

अकोट : छातीच्या भिंतीवर, म्हणजे बरगड्या, छातीचे मधले हाड किंवा त्यावरच्या स्नायूंत गाठ आली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन कधी?’ डॉक्टरांचा प्रश्न मात्र वेगळा असतो : गाठ कसली? एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर गाठ कुठवर गेली ते दिसते, पण तिची जात कळते ती बायोप्सीच्या तुकड्यातून. आपल्याकडे कर्करोगाच्या या तपासणीचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव पहिले घ्यावे लागते. विशेष म्हणजे, ते सर्जन नव्हते.

१८९५ मध्ये क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. केले आणि परत येऊन मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा पाहून ते थांबत नसत. रुग्ण काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, हेही ते बघत. १९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतर कमरेला जिथे वर्षानुवर्षे घट्ट आवळले जाते, तिथल्या कातडीच्या कर्करोगाची नोंद होती. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना हे वाचून कमरेकडे हात न्यावासा वाटेल! पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूचा कर्करोगही त्यांनी नोंदवला. कुष्ठरोग मज्जातंतूंत कसा शिरतो, यावरही त्यांनी मोठे काम केले. त्याच काळात अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन कुष्ठरुग्णांसाठी झटत होते.

छातीच्या गाठीत हा तपास किती मोलाचा? कूर्चेपासून वाढणाऱ्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमोथेरपीचा सहसा फारसा उपयोग होत नाही. तिथे गाठीभोवतीचा निरोगी भाग धरून बरगड्याच काढाव्या लागतात. जागा मोठी उघडी पडली तर जाळी आणि स्नायू लावून भिंत पुन्हा उभारतात, नाहीतर श्वास घेताना छातीचा तो भाग आत ओढला जातो. मुलांमध्ये दिसणाऱ्या युइंग सार्कोमात मात्र आधी केमो, मग शस्त्रक्रिया. शिवाय स्तनाचा किंवा दुसरीकडचा कर्करोगही बरगडीत उतरलेला असू शकतो. तुकडा न तपासता घाईने गाठ काढली, तर पुढचा उपचार अवघड होऊन बसतो. अकोटहून अकोला, तिथून मुंबई गाठलेल्या कुटुंबाला रिपोर्टची वाट पाहण्याचे ते दिवस फार जड जातात, पण ते वाया जात नाहीत.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. १९६० ते १९६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पद्मभूषणही मिळाले. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. खानोलकर १९७८ मध्ये गेले.